वर एक धरा

"दोन न्हाईत गुरुजी, वर येक धरा," असं पुटपुटून मामा अंगठा हळूच वर करायचे.

मामा म्हणजे चावडीवरचे शिपाई. निजामाचं राज्य जाऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. मानवतजवळच्या आमच्या गावात मी नवा मास्तर, आणि मर्दुमशुमारीचं, म्हणजे जनगणनेचं, काम आल्या आल्या माझ्या गळ्यात पडलेलं. घर मातीचं की दगडाचं, माणसं किती, पोट कशावर चालतं, हे दारोदार विचारून लिहायचं. गाव दाखवायला मामा सोबत.

आता आपल्याकडच्या आया तुम्हाला ठाऊकच आहेत. लेकरांचा खरा आकडा सांगितला की दृष्ट लागते, म्हणून एक कमी सांगायचं. मामा दोरीवर वाळणारी झबली बघायचे आणि बरोबर ओळखायचे.

एका मेंढपाळाच्या घरी बाईनं "दोन" सांगितलं, तेव्हा तिच्यामागून तीन शेंबडी नाकं डोकावत होती. "तिसरं शेजारचं हाय," ती म्हणाली. तिसरं तिच्याच पदराला लोंबकळत होतं.

"शेजारचं लय लाडकं दिसतंय की! गुरुजी, वर येक धरा," मामा म्हणाले. ती बाईसुद्धा हसली.

शेवटी मामांचं घर आलं. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर झालेली त्यांची चार वर्षांची पोर उंबऱ्यावर बोरं खात बसली होती. आतून मामी म्हणाल्या, "दोघंच हाव आमी." मामा खाली बघत उभे.

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. चार माणसं जमलेली बघून मी मोठ्यानं म्हणालो, "काय मामा, वर एक धरू का?"

सगळे खदखदा हसले. मामा कानापर्यंत लाल झाले. "तीन! लिवा, तीन!" ते ओरडले. मी झोकात तीन लिहिलं.

पंधरवड्यात पोरीला गोवर निघाला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मामा शाळेत आले. पायात वहाण नव्हती.

"गुरुजी, ते कागद तुमच्यापाशीच हाईत का?"

"आहेत. का?"

"माझ्या पोरीला खोडा. दोन लिवा. तिला उतार पडंल."

मी त्यांना समजावलं, "मामा, कागदावर लिहिल्यानं कुणाला काही होत नसतं."

"मंग खोडायला काय जातंय?"

"सरकारी कागद आहे, खोडाखोड चालत नाही," एवढंच म्हणालो. खरं सांगतो, त्याच कागदांवर मी दहा ठिकाणी खोडलं होतं. मामांनी मान हलवली आणि ते उन्हात निघून गेले.

दोन दिवसांनी पोर गेली.

मामा मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढं शाळेत घालायच्या मुलांची यादी करायला आम्ही पुन्हा दारोदार हिंडलो. एखादी आई "दोन" म्हणाली की मी दोरीकडं बघायचो, मामा जमिनीकडं. "दोनच लिवा, गुरुजी," ते म्हणायचे. मी मुकाट्यानं लिहायचो.

दहा वर्षांनी पुन्हा मर्दुमशुमारी आली, घरांना नंबर टाकायचं काम आलं. गाव ओळखू येईना. कापसाच्या जिनिंगच्या अंगाला नवी बिऱ्हाडं, पत्र्याची घरं, विटांची घरं. मामा आदल्या पावसाळ्यात वारले होते. सोबतच्या नव्या शिपायाला मागचं काहीच ठाऊक नव्हतं.

मामांच्या दाराशी माझे पाय अडले. मामी उंबऱ्यावर तूर निवडत बसल्या होत्या, अगदी पोर बसायची त्याच जागी. शिपायानं विचारलं, "घरात माणसं किती?"

मामींनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

"येक," त्या म्हणाल्या. "आता वर धरू नका, गुरुजी."