ओढ्याचा ‘बिफोर’ फोटो

स्कॉलरशिप देणाऱ्या समितीनं सायलीला फसवलं, आणि त्यासाठी माझा डंपर वापरला. म्हणून हे मी लिहितेय.

माझा धंदा राडारोड्याचा. भूगावात जुनं घर पाडलं, फ्लॅटची फरशी उखडली, की उरतो तो विटा-मातीचा ढीग म्हणजे राडारोडा. तो मी उचलून नेते. भाड्याच्या एका डंपरवर सुरुवात केली, आज स्वतःच्या गाड्या आहेत. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरसुद्धा घेत नाही.

सायली मुळशीची, माझ्या माहेरच्या भावकीतली. रिसॉर्टला येणारी माणसं गावामागच्या ओढ्यात बाटल्या, प्लेटा, डायपर फेकायची. सायली आणि तिच्या मैत्रिणींनी उन्हाळाभर ते सगळं उपसलं. पाणी वाहायला लागलं, म्हशी उतरायला लागल्या. तरुणांच्या उत्तम समाजसेवेला एक संस्था स्कॉलरशिप देते. सायलीनं अर्ज केला. मिळाली तर नर्सिंगला अ‍ॅडमिशन, नाहीतर घरच्यांनी स्थळ बघून ठेवलेलं.

संस्थेचे कोऑर्डिनेटर निनाद सर ओढा बघायला आले. खूश झाले. मग म्हणाले, “बिफोरचा फोटो?”

“म्हंजी?” सायली म्हणाली.

“साफ करण्याआधीचा. बिफोर-आफ्टर कंपल्सरी आहे. सेम अँगल.”

“घाणीचा फोटो कोन काडतंय सर?”

दुसऱ्या दिवशी मला निनाद सरांचा फोन. “मॅडम, एक डंपर राडारोडा हवाय. ओढ्याकाठी टाकायला. फोटो काढला की लगेच उचला.”

मी म्हटलं, “टाकायची एक खेप, उचलायची दुसरी. दोन्हीचं भाडं पडेल.”

“भाडं कसलं? तुम्ही लोक राडारोडा टाकायला जागा शोधत फिरता. आम्ही जागा देतोय. खरं तर तुम्हीच डोनेशन द्यायला हवं.”

इतकी वर्षं बिल्डरांशी भांडले, पण असा हिशेब कुणी मांडला नव्हता. “सर, लग्नात वाढप्याकडून जेवणाचे पैसे घेता का तुम्ही?” मी विचारलं. शेवटी एक खेप त्यांच्या खर्चानं, एक माझ्या. माझी सायलीसाठी.

शुक्रवारी बापूनं, म्हणजे माझ्या ड्रायव्हरनं, काठावर गाडी रिकामी केली. सायली बघत उभी होती.

“आक्का, आमी काडलेली घाण परत आमीच टाकायची?”

“घटकाभराचा प्रश्न हाय. डोळं मीट.”

निनाद सरांनी मोबाइलमधून बघितलं. “फारच नीटनेटकं दिसतंय. ऑथेंटिक वाटत नाही.”

मग रिसॉर्टमधून कचऱ्याच्या गोण्या आणल्या. पोरींनीच तो कचरा मांडला. एक तर चिडून म्हणाली, “डायपर तितं न्हाई, त्या दगडाखाली असायचा.” कामात चोख पोरी, घाणसुद्धा चोख मांडली.

फोटो झाला. मी बापूला म्हटलं, भर गाडी.

“थांबा, थांबा,” निनाद सर म्हणाले. “हेड ऑफिसचं अप्रूव्हल येऊ दे. अँगल रिजेक्ट झाला तर परत टाकावं लागेल.”

हेड ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी.

शनिवारी भूगावच्या एका सोसायटीची तरुण मुलं मुळशीला फिरायला आली. ओढा बघून हळहळली. संध्याकाळी त्यांचा मला फोन, मुळशीला स्वच्छतेसाठी डंपर हवाय. मी रेट सांगितला, मुलांनी मान्य केला. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी जास्त काही विचारत नाही. रविवारी सकाळी बापूचा फोन.

“ताई, सोसायटीची पोरं आपलाच माल भरून देत्यात. घिऊ का?”

ओढ्यावर एकसारखे टी-शर्ट, हातमोजे, वर घिरट्या घालणारा ड्रोन. सायली धावत गेली, हा कचरा फोटोपुरता आहे म्हणाली. कुणाला कळेना. एकीनं तिला हातमोजे दिले, “थँक यू दीदी, जॉइन करा ना.” सायलीनं गोणी उचलली. ओढा तिचाच होता. दुपारपर्यंत सगळं चकाचक.

मुलांनीही त्याच संस्थेकडे अर्ज केला. बिफोर-आफ्टर, सेम अँगल, वरून ड्रोन. स्कॉलरशिप सोसायटीला गेली.

कार्यक्रमात मलाही स्टेजवर बोलावलं. ‘स्वच्छता सहयोगी’ म्हणून शाल आणि नारळ. मागच्या पडद्यावर सोसायटीचा फोटो, आणि त्याच्या कोपऱ्यात गोणी घेतलेली सायली. खाली लिहिलेलं, ‘स्थानिकांचा सहभाग’.

स्टेजच्या पायऱ्यांवरच मी निनाद सरांना गाठलं. “तो राडारोडा तुम्ही टाकायला लावलात.”

“मॅडम, सायलीचा बिफोर अप्रूव्ह झालाय.”

“मग स्कॉलरशिप?”

“बिफोर शुक्रवारचा आहे. त्यानंतर साफ कुणी केलं? सोसायटीनं. मग सायलीचा आफ्टर टेक्निकली त्यांचा होतो.”

“आणि उन्हाळाभर उपसलं ते?”

“त्याचा बिफोर नाही ना.”

मी शाल तिथंच सरांच्या खांद्यावर टाकली. नारळ आणला. नारळानं काही वाकडं केलं नव्हतं.

धडा एवढाच, की समाजसेवा करायची असेल तर हात घाण करण्याआधी घाणीचा फोटो काढा. पण धड्यानं सायलीची अ‍ॅडमिशन होत नाही. नर्सिंगचे प्रवेश अजून बंद झालेले नाहीत, आणि स्थळवाले येत्या रविवारी येणार आहेत. त्याआधी निनाद सरांनी आणि अख्ख्या समितीनं ओढ्यावर यावं, म्हशींच्या साक्षीनं सायलीसमोर उभं राहावं आणि सांगावं, उन्हाळाभर या पोरीनं तिथून काय उपसलं. यायला गाडी नसेल तर डंपर पाठवते. दोन्ही खेपा माझ्या खर्चानं.