कंडक्टरचाचांचा चिमटा

यंदाच्या उन्हाळ्यात, हजला निघण्याच्या आठवडाभर आधी, निवृत्त बस कंडक्टर आणि आमचे शेजारी कंडक्टरचाचा यांनी माळशिरस तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला एक कुत्रा आणि तिकिटाला भोक पाडायचा एक चिमटा दिला. कुत्र्याचे नाव रिटर्न. तो यापूर्वी तीन घरांतून परत आला होता. चिमटा चाचांनी यापूर्वी कुणाच्या हातात दिलेला कुणी पाहिला नव्हता.

चाचांनी बरीचशी नोकरी सोलापूर-नातेपुते गाडीवर काढली. तिकिटाचे यंत्र आले तेव्हा चिमट्याचे काम संपले, चाचांच्या बोटांचे संपले नाही. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी शाल आणि नारळ दिला, आणि त्यांचा जुना चिमटा घासूनपुसून त्यांच्याच हातात ठेवला. तेव्हापासून झोप आणि नमाज सोडली तर तो उजव्या हातात. वाक्य सुरू करण्याआधी टक-टक, संपल्यावर एकदा टक. विजापूर वेशीजवळच्या आमच्या गल्लीत चाचा दिसण्याआधी ऐकू येत. ज्याला लपायचे असे त्याला तेवढा वेळ पुरे. लपायचे कारण असे की चाचा ज्याच्या दारात थांबत, त्याच्या घरात जागा शोधत. स्वतःसाठी नव्हे.

रस्त्यावर सापडलेले, गोणीत घालून सोडलेले, मालकाची बदली झाली म्हणून मागे राहिलेले कुत्रे त्यांच्या लेखी प्रवासी असे. त्यांचे अंगण म्हणजे स्टँड, नवे घर म्हणजे सीट, लस आणि नसबंदी म्हणजे पास. पास नसलेला प्रवासी त्यांनी पुढे पाठवला नाही. कुत्रा मागायला येणाऱ्याला ते अंगणातल्या बाजेवर बसवून विचारत, "सीट आतली की दारातली?" म्हणजे कुत्रा घरात वावरणार, की गेटला बांधणार. बांधणार म्हणणाऱ्याला चहा मिळे, कुत्रा मिळत नसे. एका गृहस्थांनी बंगल्याच्या रंगाला शोभेल असा पांढरा कुत्रा मागितला. चाचांनी टक-टक केले आणि म्हणाले, "साहेब, मागची गाडी बघा. ही फुल्ल आहे." अंगणात त्या दिवशी एकच कुत्रा होता. तो पांढरा होता आणि त्या गृहस्थांच्या बुटावर झोपला होता.

मांजरे चाचींच्या खात्यात. मांजर उंबऱ्याच्या आत, कुत्रे उंबऱ्याच्या बाहेर, हा त्यांचा नियम. नमाजाच्या कपड्यांना कुत्र्याची लाळ लागायला नको. कुत्र्यांना नियम पाठ होता. चार पाय बाहेर आणि फक्त नाक आत, अशी तडजोड त्यांनी शोधून काढली होती, आणि नाकाकडे चाची काणाडोळा करीत.

मांजराला घर देताना चाची कुणाला काही विचारत नसत. पिशवीत पिल्लू घालून ओळखीच्या घरी जात, चहा घेत, पानाचा डबा उघडून अडकित्त्याने सुपारी कातरत तासभर बोलत, आणि पिल्लू तिथेच विसरून येत. फोन केला की म्हणत, "अय्यो, राहिलंच की. असू दे, उद्या नेते." आमच्या घरी त्या एक करडे पिल्लू विसरल्या. ते आता माझ्या खुर्चीत बसते. मी हे स्टुलावर बसून लिहीत आहे.

रिटर्न सोलापूरच्या पूर्व भागातला. तिथल्या एका तेलुगू कुटुंबाने यंत्रमाग विकून शहर सोडले, तेव्हा तो कुलूप लावलेल्या दारापुढे बसून राहिला. काळा, एक कान उभा, एक पडलेला. चाचांनी त्याला आणले, महिनाभर सांभाळले, पास काढला आणि तात्यांना दिला. तात्या म्हणजे माळशिरसच्या पुढे उसाची शेती असलेले त्यांचे जुने प्रवासी, सीट रिकामी असली तरी दारात उभे राहणारे. आठवड्याच्या आत तात्या कुत्रा घेऊन हजर.

"चाचा, हे बहिरं हाय," ते म्हणाले. "हितं ये म्हणलं की बसतंय. भाकरी टाकली की माज्या त्वांडाकडं बघतंय. खाईना की वो."

चाचांनी कुत्र्याकडे पाहिले. ते कुठून आणले ते त्यांना आठवले. टक-टक करून ते म्हणाले, "इक्कडिकि रा." कुत्रा बाणासारखा आला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"आयला," तात्या म्हणाले, "तेलुगू हाय व्हय हे."

"आणि तुम्ही त्याला मराठीत हाका मारता. बिचाऱ्याला कळणार कसं?"

ही बातमी दोन दिवसांत शहरभर झाली. चाचांच्या प्रश्नांत नवा प्रश्न आला: घरात कुठली भाषा? उत्तर मिळाले की कुत्र्याचा वर्ग सुरू होई. सकाळी अंगणात चाचा एका हातात कडक भाकरीचा तुकडा धरून, दुसऱ्या हाताने टक-टक करीत कन्नडमध्ये म्हणत, "इल्लि बा." कुत्रा येई. मराठीचा वर्ग लवकर आटपे. कन्नडला वेळ लागे, कारण चाचांचे स्वतःचे कन्नड कच्चे होते. चुकले की ते पुस्तकात बघून कुत्र्याला सुधारून सांगत. गल्लीतली पोरे त्या दिवसांत एकमेकांना कन्नडमध्ये हाका मारू लागली, हे त्यांच्या आया मान्य करतात. लोक दारात येऊन विचारत, "दखनी बोलणारा आहे का एखादा?" होटगी रस्त्याच्या एका कुटुंबाला इंग्रजी समजणारा कुत्रा हवा होता. चाचांनी नम्रपणे नकार दिला. "ती भाषा आपल्या रूटवर नव्हती."

बाकीचे प्रवासी गेले आणि रमले. रिटर्न तेवढा येत राहिला. मराठी शिकवून त्याला करमाळ्याला एका शिंप्याकडे दिले. तो खाईना म्हणून परत. चाचा म्हणाले, "करमाळ्याची मराठी थोडी वेगळी पडते." मग कन्नड शिकवून अक्कलकोट रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याकडे दिले, तिथे समोर मटणाचा रस्सा असून तो खाईना, म्हणून परत. चाचा म्हणाले, "उच्चार." त्या संध्याकाळी त्याचे नाव पडले. "परतीचं तिकीट काढूनच निघतो हा," चाचा म्हणाले आणि स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली. टक-टक. रिटर्न जेवला.

मग हजसाठी दोघांचा नंबर लागला. चाची कितीतरी वर्षे या दिवसाची वाट पाहत होत्या. पांढरे कपडे शिवून कपाटात होते, बॅग दाराशी होती, आणि बॅगेवर मांजर. मांजरांची चिंता नव्हती. चाचींनी ती पटापट विसरली होती. कुत्र्यांनाही सीट मिळाल्या. राहिला रिटर्न. चाचा दोन दिवस लग्नाला गेले तरी तो पाण्यावर राहत असे, आणि ही गैरहजेरी महिन्याहून अधिक होती. शेजाऱ्यांनी आळीपाळीने ताटे पुढे करून पाहिली. आमच्या हातची दूध-भाकरी त्याने हुंगून सभ्यपणे मान वळवली.

चाचांनी अंगणात जाहीर केले, "रिटर्नला सीट मिळाली नाही, तर माझं तिकीट रद्द."

चाची उंबऱ्याच्या आत सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. "और मेरा?"

चाची एकट्या जाणार नाहीत, हे गल्लीला माहीत होते.

हजला निघण्याआधी नातेवाईक, शेजारी, ओळखीचे, सगळ्यांकडे जाऊन "कहा-सुना माफ करना" म्हणायची रीत आहे. कुणाच्या मनात काही राहू नये. चाचांनी त्यात कुत्रीही धरली. "त्यांनाही मी बोललोय. बाकी ठेवून कसं जायचं?" भाड्याची जीप ठरली. पुढे चाचा, मधे चाची आणि मी, मागे रिटर्न. जमले तर वाटेत त्याला कुणाच्या गळ्यात घालायचे, असा बेत. पूर्व भागात चाचांनी एका थोराड कुत्रीची तेलुगूत माफी मागितली. तिने त्यांच्या खिशात नाक घातले. अक्कलकोट रस्त्यावर "माफ माडु" म्हटल्यावर एक कुत्रा सलग भुंकला. चाचा विचारात पडले. "याचं काहीतरी बाकी आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्यांदा माफी मागितली. कुत्रा गप्प झाला. "पेपरवाले, लिहून घ्या," माझी नोकरी वर्तमानपत्रात म्हणून चाचा मला म्हणाले, "मिटलं." रिटर्नला ठेवून घ्यायला मात्र कुणी तयार होईना. त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचलेली होती.

दुसऱ्या दिवशी माळशिरसकडे निघालो. शेवटचे घर तात्यांचे. त्यांनी मधल्या काळात चाचांकडून मोती नावाची कुत्री नेली होती. ती बांधावरून धावत आली, चाचांनी टक-टक करून माफी मागितली, तिने दिली.

तात्यांनी जीपमध्ये डोकावून पाहिले. "हे तेलुगू अजून हितंच?"

"आता मराठीही येतं," चाचा म्हणाले.

"बघू की." तात्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी रिटर्नपुढे ठेवली. "खा लेका. तुज्यासाटी कुणाची हज अडलीया." रिटर्नने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. भाकरीकडे पाहिले नाही.

नमाजाची वेळ झाली होती. चाचांनी चिमटा बाजेवर ठेवला आणि ते विहिरीकडे हातपाय धुवायला गेले. चाची बराच वेळ चिमट्याकडे पाहत बसल्या. मग चाचा नमाज संपवून वळेपर्यंत थांबल्या, ते दिसल्यावर चिमटा उचलला आणि दोनदा वाजवला.

रिटर्नने ताटात तोंड घातले.

चाचा जागच्या जागी उभे राहिले. ताट निम्मे संपले होते.

"अजी," चाची म्हणाल्या, "इसकू तेलुगू नहीं आती."

"मराठी येते आता."

"मराठी पण नाही. कन्नड तर तुम्हालाच येत नाही." त्यांनी पुन्हा टक-टक केले. रिटर्नने मान वर करून चाचींकडे पाहिले. "हे येतं त्याला. तुम्ही भाकरी देताना हे वाजवता. तो तेवढंच ऐकतो."

"आणि बाकीची?"

"ती चार दिवस रुसली आणि नव्या घरचं खायला शिकली. हा हट्टी आहे. तुमच्या हाताखाली जास्त राहिला."

चाचा बाजेवर बसले. "तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कायकू बोलूं? तुम्ही रिटायर झालेले. कुत्री पटापट गेली असती, मग दिवसभर ही टक-टक माझ्यापुढं. तुम्ही तेलुगू शिकत होता, कन्नड शिकत होता. घर कसं शांत होतं."

तात्यांचा हिशेब अजून जुळत नव्हता. "म्हंजे ते बहिरं न्हवतं?"

"नव्हतं."

"अन् तेलुगू बी न्हवतं?"

"कुत्रं होतं, तात्या," चाची म्हणाल्या.

तात्या हसत सुटले. त्यांचे हसणे बघून मोती भुंकू लागली, जीपचा ड्रायव्हर उठून आला आणि त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. चाचा हसत नव्हते. ते चाचींच्या हातातल्या चिमट्याकडे पाहत होते.

"चिमटा ठिवून जात असाल तर ऱ्हाऊ दे कुत्रं," तात्या डोळे पुसत म्हणाले. "आमच्या मोतीलाबी सोबत हुईल."

चाचींनी चिमटा नवऱ्यापुढे धरला. तात्यांना दिला नाही. चाचांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"दोनदा वाजवायचं," ते तात्यांना म्हणाले. "एकदा वाजवलं तर गाडी थांबते."

"अन् तीनदा?"

"तीनदा वाजवू नका. ते मला माहीत नाही."

त्यांनी चिमटा तात्यांच्या तळहातावर ठेवला. जीप निघाली तेव्हा रिटर्न उठला. तात्यांनी टक-टक केले. तो बसला आणि एक कान उभा ठेवून जीपकडे पाहत राहिला. टेंभुर्णी जाईपर्यंत चाचांची उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर चालू होती. चाचींनी त्या हातात सुपारीचा तुकडा ठेवला, तेव्हा थांबली.

दोघे हजला गेले आणि सुखरूप परतले. खजूर वाटायला चाचा माळशिरसला गेले तेव्हा रिटर्न उसाच्या बांधावर मोतीशेजारी बसला होता. चाचांनी त्याला तेलुगूत हाक मारली, मग मराठीत, मग कन्नडमध्ये, मग घरच्या दखनीत. रिटर्नने चारही वेळा शेपूट हलवले आणि तो बसून राहिला. तात्यांनी खिशातून चिमटा काढून दोनदा वाजवला. रिटर्न धावत सुटला, वाटेत थांबून त्याने चाचांचा हात चाटला आणि तात्यांपाशी जाऊन बसला.

"सीट मिळाली," चाचा म्हणाले.

त्यांच्या अंगणात सध्या एक तपकिरी कुत्री आहे. ती अक्कलकोटला जाणार असून तिचे कन्नड टक-टक करीत सुरू आहे. चाचींचा अडकित्ता पानाच्या डब्यात नाही.