वरून करपलेला राब

माझ्या काकाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे शेवटी सगळं गोड होईल या आशेवर कुणी वाचायला नको. लोक मला समजावतात, जाऊ दे, सख्खा चुलता आहे. सख्खा आहे म्हणूनच जाऊ देत नाही. परक्या माणसानं हे केलं असतं तर एव्हाना मी विसरूनही गेले असते.

आमची वाडी तिकोणा गडाच्या बाजूला, पवना धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. मी लोणावळ्यात शाळेत शिकवते आणि तिथेच राहते. वडील गेल्यावर आईला बोलावून बोलावून थकले, पण ती वाडी सोडायला तयार झाली नाही. एक म्हैस, एक गाय, भाताची चार खाचरं आणि स्वतःचं तिखट तोंड, एवढ्या भांडवलावर तिचं बरं चाललं होतं. काकाची जमीन आमच्या खाली, पाण्याला लागून. वाटण्या झाल्या तेव्हा ती दगडाधोंड्यांची म्हणून तो आजोबांशी वर्षभर बोलला नव्हता. पुढे शहरातल्या माणसांना तंबूत झोपायची हौस आली आणि त्या धोंड्यांवर काकाचा कॅम्प उभा राहिला. शेती म्हणून त्यानं दोन खाचरं तेवढी ठेवली होती. पाहुण्यांच्या ताटात वाढताना ‘आमच्या घरचा इंद्रायणी’ असं म्हणता यावं म्हणून.

उन्हाळ्यात आमच्याकडे राब भाजतात. भाताचं रोप ज्या तुकड्यावर करायचं तिथे आधी झाडांचे टहाळ, त्यावर शेण, मग पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. जाळ वर येता कामा नये, आतल्या आत धुमसत राहिलं पाहिजे. जमीन खालपर्यंत भाजून निघते, तणाचं बी मरतं, मग रोप जोमानं येतं. आणि राब एकट्यानं भाजत नाहीत. एकानं पेटवायचं, दुसऱ्यानं हिरवी फांदी आणि पाण्याची कळशी घेऊन बांधावर उभं राहायचं. आईनं राब रचून ठेवला होता आणि माझी वाट बघत थांबली होती, कारण मी रविवारी यायची होते. वणवा शुक्रवारी लागला.

त्या सकाळी आई हातपंपावर होती. खालच्या अंगानं धूर दिसला तेव्हा तिला वाटलं कॅम्पवर काहीतरी शिजतंय. मग वारा वर चढला आणि वाळलेलं गवत तडतडायला लागलं. ती हंडा टाकून पळाली. कोयत्यानं म्हशीचं दावं तोडलं, तिला बाहेर हाकललं आणि गाईसाठी परत वळली तोवर गोठ्याचं छप्पर खाली बसलं होतं. म्हैस वाचली. गाय गेली. वाडीतल्या सात घरांचे गोठे आणि पावसाळ्यापर्यंत पुरवून वापरायचा पेंढा, सगळं दुपारपर्यंत काळं झालं. दोन घरांची छपरंही गेली.

मी शाळेतून निघून संध्याकाळच्या आत पोचले. तोवर तलाठी येऊन पंचनामा करून गेला होता. त्याला खुर्ची दिली काकानं, पाण्याची बाटली दिली काकानं आणि माहितीही काकानंच दिली. आई तेव्हा गाईजवळ बसून होती, तिला कुणी काही विचारलं नाही. काकानं सांगितलं की वहिनी राब भाजत होती, वारं सुटलं, जाळ आवरला नाही. कागदावर तसंच चढलं. वाडीनंही तेच खरं मानलं, कारण आमचा राब वाडीच्या खालच्या अंगाला होता आणि तो काळाठिक्कर पडलेला सगळ्यांना दिसत होता.

मलाही दिसत होता. आणि मीही तिला विचारलं, “आई, तू पेटवला होतास का?” तिनं मान वर केली. मग म्हणाली, “तू बी?” त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते. त्या रात्री मी तिथेच राहिले.

आमच्याकडे सावड असते. आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. लावणी असो, झोडणी असो की घर शाकारणं. वणव्यानंतर वाडीनं सावडीनंच गोठे उभे करायला घेतले. बांबू तोडून आणले, आधाराच्या मेढी रोवल्या, एकेक घर होत गेलं. प्रत्येक घरी आई गेली. विळा घेऊन गेली, भिंतींचे कूड विणले, कुणी बोललं नाही तरी दिवसभर राबली. आमची पाळी आली त्या दिवशी एकही माणूस आलं नाही. आईनं भल्या मोठ्या पातेल्यात चहा टाकून ठेवला होता. तो तिनं म्हशीच्या पाटीत ओतला.

त्यात भर म्हणजे सरकारी मदत अडली. आग निष्काळजीपणानं लागली असं लिहिलं गेल्यामुळे प्रकरण पुढे सरकत नाही, असं तलाठ्यानं वाडीला सांगितलं. म्हणजे सातही घरांच्या पोटावर पाय आला आणि तो पाय माझ्या आईचा ठरला. बायका पंपावर तिच्या आधी हंडा लावायला लागल्या. तिच्या आयुष्यभराच्या मैत्रिणी.

तिसऱ्या आठवड्यात तळेगावहून काही माणसं मदत घेऊन आली. भली माणसं होती, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पेंढ्याच्या गाठी, ताडपत्र्या, तेल, डाळी असं टेम्पो भरून आणलं होतं. पण त्यांना वाडीतलं कोण ठाऊक? रस्त्याला लागून कॅम्प, कॅम्पवर बोलका मालक. वाटप काकाच्या मांडवात झालं. मागे फलक, फलकावर हात जोडलेला काका आणि खाली ‘वणवाग्रस्तांना मदतीचा हात’. मी हे सगळं बघत उभी होते आणि माझे दात एकमेकांवर घासत होते.

आईला त्यानं मुद्दाम शेवटी बोलावलं. ताडपत्री तिच्या हातात दिली, फोटोसाठी तिला जरा वळवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “चूक झाली म्हनून काय झालं? आपलंच मानूस हाय. आपुन पदरात घेऊ.”

पदरात घेऊ! आईनं ताडपत्री घेतली, कारण म्हैस उन्हात होती. मी मात्र त्या क्षणी ठरवलं की या माणसाचा हा हसरा चेहरा मी सगळ्या वाडीसमोर उतरवणार. घरी येईपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या तंबूंचे दोर कापण्यापर्यंत मी पोचले होते. शिक्षिका असूनही.

आई चुलीपुढे बसली होती. मी संतापून बोलत राहिले, तिनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की ओरडून काही होत नाही, तू शिकलेली आहेस तर अर्ज लिही, तलाठ्याला परत बोलाव, बाकीचं मी बघते. काय बघणार ते तिनं सांगितलं नाही. मी अर्ज लिहिला. शब्द सभ्य ठेवायला फार कष्ट पडले. मग तो घेऊन चार वेळा खेटे घातले आणि पाचव्यांदा तलाठी आला.

सगळी वाडी जमली. बाकीच्या सहा घरांची माणसं आमच्या बांधावर उभी, तोंडं फिरवून. काकाही आला, गॉगल लावून. तलाठ्यानं विचारलं, काय दाखवायचंय? आईनं कुदळ घेतली, राबाच्या मधोमध उभी राहिली आणि चार घाव घातले. वरचा काळा थर फुटला. खालून ओलसर शेण निघालं. त्याखाली टहाळ, पानं अजून देठाला धरून असलेली. त्याखाली जमीन, भाजल्याची खूणसुद्धा नसलेली.

तलाठ्याला त्यातलं काही कळलं नाही. वाडीला कळलं. फिरवलेली तोंडं एकेक करून वळली. वाडीतले सगळ्यात वयस्कर आबा काठी टेकत खाचरात उतरले, वाकले, ते शेण मुठीत घेऊन चुरडलं, वास घेतला.

“ह्यो राब भाजलेला न्हाई,” ते म्हणाले. “ह्यो वरनं करपलाय.”

भाकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, भाजलेली आणि करपलेली यात काय फरक असतो. भाजलेली आतपर्यंत शिजते. करपलेली वरून काळी आणि आत कच्ची. आईनं राब पेटवला असता तर तो आतून धुमसून तळापर्यंत राख झाला असता. वणवा त्याच्यावरून नुसता पळत गेला होता. काका याच मातीत वाढलेला, लहानपणी याच बांधावर हिरवी फांदी घेऊन उभा राहिलेला. पण तंबूंच्या नादात तो हे साफ विसरला होता. राब काळा दिसतोय म्हणजे झालं, असं त्याला वाटलं. खोटं बोलायलाही शेतीची माहिती लागते, ती त्याच्याकडे उरली नव्हती.

आबांनी काठी खाली कॅम्पकडे रोखली. आग खालून वर आली, हे तर सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि आमच्या राबाच्या खाली कॅम्पशिवाय काहीच नव्हतं. “तुज्याकडं त्या सकाळी कोन व्हतं?” त्यांनी काकाला विचारलं.

काकानं गॉगल काढला. पाहुणे सकाळीच गेले होते म्हणाला. मग त्यांच्या रात्रीच्या शेकोटीचं काय केलं, असं आबांनी विचारल्यावर तो आधी कॅम्पवरच्या गड्यावर घसरला, मग वाऱ्यावर. शेवटी इतकंच म्हणाला की राख विझली असेल असं वाटून बांधापलीकडे टाकली. कुणी टाकली ते आबांनी विचारलं नाही. काकाच्या खाली गेलेल्या मानेकडे बघूनच कळत होतं. मला त्या वेळी जे समाधान झालं ते मी लपवणार नाही. पोटभर जेवल्यावर होतं तसं झालं.

कागद बदलला. सातही घरांची प्रकरणं सुटली, पत्रे आले, गाठी आल्या. आणि एका सकाळी मेढी-बांबू घेऊन वाडी आमच्या दारात आली. पंपावर हंडा पुढे सारणाऱ्या बायकाही आल्या. आईनं परत तेच पातेलं चुलीवर ठेवलं आणि सगळ्यांना चहा दिला. मला तो चहा त्यांच्या हातात देताना जड जात होतं. एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तो हळूच बाजूला केला. आईचा स्वभाव माझ्यात पूर्ण उतरलेला नाही.

काकाला वाडीनं शिक्षा केली ती अशी की त्याच्या सावडीला कुणी जायचं नाही. पावसाळा लागला, सगळ्यांची चिखलणी झाली, लावणी उरकत आली. काकाची दोन खाचरं तशीच. शेजारच्या गावांतून मजूर आणायला त्यानं गाडी फिरवली, पण गोष्ट तोवर खोऱ्यात सगळीकडे पोचली होती. रोप जून होऊन पिवळं पडायला लागलं. काका छत्री घेऊन बांधावर उभा असायचा. मी रविवारी घरी आले की खिडकीतून ते बघत चहा प्यायची. तसा चहा मला पुन्हा कधी लागला नाही.

एका रविवारी उठून बघते तर आई कासोटा मारून, डोक्यावर इरलं घेऊन निघालेली. कुठे म्हणून विचारलं, तर हनुवटीनं खाली दाखवलं. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, तुझी गाय गेली, तुझं नाव गेलं होतं, आणि तू त्याची लावणी करायला निघालीस? तुला काही वाटतं का?

“वाटतं तर,” ती म्हणाली. “म्हनूनच चालले. रान पडीक ऱ्हायलं तर इकत आनून खाईल आन् इसरून जाईल. आता वर्सभर माज्या हातचा भात त्याच्या ताटात पडंल. बघू दे घशाखाली उतरतुय का.”

मी दारातून बाजूला झाले. मग तिच्या मागोमाग गेले. आम्हा दोघींना चिखलात उतरताना पाहून काका बांधावरून म्हणाला, वहिनी, तुम्ही कशाला. आई वाकलीच होती. मान वर न करता तिनं सांगितलं, “भावजी, मुठी टाका.” रोपांच्या मुठी चिखलातून आणून लावणाऱ्यांच्या मागे टाकायचं काम. काकानं छत्री मिटली, पँट गुडघ्यापर्यंत वळवली आणि किती वर्षांनी कोण जाणे, चिखलात पाय घातला. दोन दिवस आई लावत होती आणि तो मुठी टाकत होता. सबंध वाडी कामं सोडून बघत होती.

भात चांगला आला. काका तो खातो, आणि आता पाहुण्यांना घरचा इंद्रायणी म्हणून सांगत नाही, असं कळलं. आमच्या दारावरून त्याची वाट जाते. तो दिसला की आई हातातलं काम थांबवून विचारते, “भावजी, भात कसा लागतुय?” तो खाली बघून “बरा हाय” म्हणतो आणि चालू लागतो. दुसऱ्या दिवशी ती परत विचारते. मी घरी असले की मुद्दाम बाहेर येऊन उभी राहते.