ताडपत्रीचं शीड आणि माझी मिशी

आमच्याकडे बाप जिवंत असताना पोरगा मिशी काढत नाही. मिशी उतरते ती बापाला अग्नी दिल्यावरच. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी गेल्या दिवाळीनंतर साळ्याशी, म्हणजे बायकोच्या भावाशी, वाद घालता घालता मी छाती ठोकून बोलून बसलो, "हारलो तं मिशी काढीन!"

बाबा तिथंच खाटेवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "म्हंजे मले जितेपनीच जाळतं काय रे?"

झालं! बोललेलं गिळता येत नव्हतं आणि मागं घेतलं असतं तर साळ्यानं सोयऱ्याधायऱ्यांत माझी वरात काढली असती. तीच पैज त्यानंही लावली, पण त्याला काय, तो मोकळा होता. त्याचे वडील परसाली गेले. "माही गेली तं गेली," तो मिशीला पीळ देत म्हणाला, "माह्या मिशीले इचारनारं आता कोन हाय?" आणि स्वतःच मोठ्यानं हसला. आम्हीही हसलो.

वाद कशाचा, तर नावेचा. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. तो कामरगावात लोखंडी गेटं बनवतो, मी शेलूबाजारच्या अलीकडे वांगी-मेथी पिकवतो. पण त्यानं मोबाइलवर जोडनावांची शर्यत पाहिली. दोन बारीक नावा शेजारी शेजारी, मधे माचा, वर शीड, आणि भुर्रकन पाण्यावरून. बस, त्याच्या डोक्यात भूत शिरलं, आणि आठवड्याभरात ते माझ्याही डोक्यात आलं. गावामागचा तलाव काठोकाठ भरला होता आणि सोयाबीन घरात आलं होतं. रिकाम्या माणसाला दुसरं काय पाहिजे?

फवारणीचं पाणी कालवायचे निळे ड्रम आडवे करून दोन रांगांत बांधले, वर बांबूचा माचा, मधे उभा बांबू. अशा दोन नावा झाल्या, एक त्याची, एक माझी. त्यानं पहिल्यांदा शीड म्हणून रोपवाटिकेची हिरवी जाळी लावली. हवा या बाजूनं आली आणि त्या बाजूनं निघून गेली, नाव जाग्यावर. मी इतका हसलो की पाण्यात पडलो. मग त्यानं बायकोच्या दोन जुन्या नायलॉनच्या साड्या शिवून घेतल्या. मी म्हटलं, साडीनं कधी नाव चालते काय! मी सोयाबीनच्या गंजीवरची नवी ताडपत्री लावली आणि अशी ताणून बांधली की बोट मारलं तर ढोलकीसारखी वाजावी. ताडपत्री बांधावी तर अशीच. कुठं पोट सुटलं की वारा शिरतो आणि गंजी उघडी पडते, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावर, अर्धं गाव. आम्ही दोघं कमरेला जीपच्या ट्यूबा अडकवून माच्यावर बसलेलो, जणू काही लग्नाचे नवरदेव. या पाळीपासून पलीकडच्या काठापर्यंत जायचं, वल्हं मारायचं नाही, हातातली फळी फक्त नाव वळवायला. माझी बायको पाळीवरून ओरडत होती, "जिंका हो!" पण नवऱ्याकडे पाहून की भावाकडे, ते काही कळत नव्हतं. बाबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते काहीच ओरडत नव्हते, आणि त्याचीच मला धास्ती.

वारा म्हणाल तर नावालाच. मेथीचं पान हलावं न हलावं इतका. पण त्याच्या साड्या हळूच फुगल्या आणि नाव निघाली, पाण्यावर बारीक रेघ ओढत. माझी नाव? म्हशीसारखी बसली. मी दोरी आणखी ओढली. काही नाही. आणखी ओढली, बांबू करकरला, नाव तिथंच.

"भाऊजी!" तो पुढून ओरडला. "न्हाव्याले सांगू काय पानी गरम ठेवाले?"

"थोबाड सांभाय बे!" मी म्हटलं, पण आतून पार ढेपाळलो होतो. बाबांच्या समोर गुळगुळीत तोंड घेऊन जायचं? लोक दारात येऊन विचारतील, म्हातारा कधी गेला? माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं आलं आणि असा राग चढला की काय सांगू. गेली खड्ड्यात ही शर्यत! निदान ताडपत्री तरी धड घरी नेऊ, म्हणून शीड उतरवायला मी खालच्या कोपऱ्याची दोरी सोडली.

आणि बाप्पा! ताडपत्रीला पोट सुटलं. त्या पोटात तेवढासा वारा येऊन बसला आणि ड्रमाखालचं पाणी खळखळलं. मी दोरी तशीच बोटावर धरून ठेवली, ढिली, लेकराचं लंगोट धरावं तशी. जरा ओढली की नाव मंदावे, जरा सोडली की पळे. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. नाव निघाली हो! पाळीवर शिट्ट्या, आरोळ्या. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हीहीही करत सुटलो.

साळ्यानं मागं वळून पाहिलं. मी येतोय हे पाहून तो घाबरला, आणि घाबरल्यावर आमच्याकडचा माणूस जे करतो तेच त्यानं केलं: दोरी गच्च आवळली. त्याच्या साड्या सपाट झाल्या. "काहून थांबली वं तू?" असं तो नावेवर ओरडत राहिला, आणि मी त्याच्या शेजारून निघालो. एका ड्रमाच्या अंतरानं जिंकलो. जिंकलो!

"जबान म्हंजे जबान," साळा म्हणाला. तशाच ओल्या पँटीनं आम्ही जीपमधे बसलो आणि थेट शेलूबाजारात न्हाव्याकडे. बाबाही हट्टानं आले. साळा खुर्चीवर रुबाबात बसला, सगळ्यांना टोमणे मारत. न्हाव्यानं फेस लावला, वस्तरा उचलला, तशी बाबांनी काठी आडवी घातली.

"थांब रे. बाप जिता असताना मिशी काढतेत काय?"

साळा आरशातूनच हसला. "मामाजी, माहा बाप तं गेला ना. तुमीच खांदा देला होता."

"मंग?" बाबा म्हणाले. "मी मेलो काय?"

न्हाव्याचा हात वरच राहिला. साळा आरशातून नजर काढून बाबांकडे वळला. मिशीवर फेस तसाच. मग गळ्यातल्या कापडासकट उठला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उठेना.

"ऊठ बे," बाबा म्हणाले. "धोतर भरवलं माहं पुरं फेसानं."