धुक्यात घरं बघत फिरणाऱ्या बायका

डिसेंबरात मेळघाट बघायला मी पुण्याहून एकटीच निघाले. कॉलेजातली मैत्रीण उज्ज्वला परतवाड्याजवळच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. ती म्हणाली, "आधी दोन दिवस माझ्याकडे ये." बडनेऱ्याला रेल्वेतून उतरले, अमरावतीत गिला वडा खाल्ला आणि एसटीनं परतवाडा गाठला. पुढे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतकं दाट धुकं होतं की समोरचं घर दिसेना. उज्ज्वलाच्या घरमालकीण सिंधूताई शाल गुंडाळून निघाल्या, सोबत शेजारच्या मंदाताई.

"फिरायला का?" मी विचारलं.

"नाही. घरं पाहाले."

मागे एका वर्षात गावातल्या तिघांनी जीव दिला होता. तेव्हापासून बायकांनी घरं वाटून घेतली आहेत. कोणाची चूल पेटली नाही, कोण बोलेनासं झालं, हे रोज बघायचं. मीही मागे गेले. दोघी प्रत्येक दारापाशी थांबत, आतून भांड्याचा, खोकल्याचा आवाज येईपर्यंत ऐकत, मग पुढे जात. आतलं कोणी "कोण आहे?" असं विचारत नव्हतं. मला उगीच मागे वळून बघावंसं वाटत होतं.

शेवटचं घर प्रभाकरभाऊंचं. झेंडू पिकवतात; दसऱ्याच्या सुमारास बायको वारली. मळ्यातली फुलं न तोडता झाडांवरच काळी पडली होती. अंगण मात्र नुकतंच सारवलेलं, कुठे काडीही नाही. दाराला कुलूप नव्हतं, पण किल्ली बाहेर कडीला अडकवलेली. गोठा रिकामा.

"बैल कुठं गेले?" सिंधूताईंनी विचारलं.

"काल सांजच्याले आमच्याकडे आणून बांधले त्यायनं," मंदाताई म्हणाल्या. "म्हणे, आता तुमीच ठेवा. मले वाटलं, बाहेरगावी चालले असतीन." बोलता बोलताच त्या मळ्याकडे वळल्या.

भाऊ मळ्याच्या बांधावर बसले होते, धुतलेले पांढरे कपडे घालून. पावलांच्या आवाजानंही वळले नाहीत. सिंधूताई त्यांच्याजवळ मातीतच बसल्या.

"भाऊ, जीव द्याचं मनात येऊन राहिलं का?"

असं कोणी कोणाला विचारतं?

भाऊंनी मान वर केली. मग ते म्हणाले, "हो. लय दिवसांपासून."

"मंग आता आमी तुमाले एकटं नाही सोडत."

मेळघाटासाठी ठरवलेल्या जीपमधून आम्ही अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. वाटभर सिंधूताईंनी भाऊंचं मनगट धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. मूर्तिजापूरहून त्यांची बहीण आली.

परतताना मी विचारलं, "अशा विचारण्यानं उलट ते डोक्यात भरत नाही?"

"असलं तं आधीपासूनच असते, बाई. इचारलं तं मानूस बोलते."

मेळघाट राहिलाच. भाऊ आता घरी आहेत, बहीण सोबत आहे. काही दिवस फुलं तोडतात, काही दिवस नुसते बसून असतात, असं उज्ज्वला कळवते.

माझा धाकटा भाऊ नोकरी गेल्यापासून नाशिकला एकटा राहतो. दर रविवारी आम्ही फोनवर क्रिकेटबद्दल बोलतो. या रविवारी मी त्याला सिंधूताईंसारखं सरळ विचारलं. मग तो म्हणाला, "थांब जरा. बाहेरचं दार लावून येतो."

आम्ही दीड तास बोललो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी नाशिकला गेले.