तिसऱ्या कडव्यातला आवाज

पुलापर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. कार्यक्रम असला की ती लाँड्रीपासून सभागृहापर्यंत पायीच जायची, आणि पहिला तासभर तोंड मिटून. पावलांवर गाण्याची लय बसवायची ही तिची पद्धत. मी मागून पाण्याची बाटली आणि तिचे चांगले बूट घेऊन चालायचे. पूल उतरल्यावर तिनं घसा खाकरला.

"ताई येणार आहे आज. पहिल्या रांगेत."

तिची थोरली बहीण दोन वर्षं तिच्याशी बोलली नव्हती.

"तयार झाली?" मी विचारलं.

"आईचा आवाज स्पीकरवर वाजवायचा नाही, या अटीवर. मी शब्द दिलाय."

मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

आम्ही दोघी शाळेपासून प्रार्थनेच्या वृंदात. हिचा आवाज फाटका, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी हिला 'घोगरी' म्हणायला सुरुवात केली. "तू नुसते ओठ हलव, घोगरे. देवालाही कान आहेत." हिनं चार वर्षं ओठ हलवले. म्हणायची, श्वास कुठं चोरायचा ते मी तिथंच शिकले. गायचं नव्हतं, मग लक्ष द्यायला दुसरं होतंच काय?

पुढं इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत लागली. तिथल्या मुकादमीणबाईंच्या रेडिओवर दूरदेशीचे काळे गायक गायचे. त्या गाण्याला सोल म्हणतात, एवढं तिनंच मला सांगितलं.

"म्हणजे काय गं?"

"देवाला म्हणायचं ते नवऱ्याला म्हणायचं. गुडघे मात्र तसेच टेकलेले."

मला ते पाप वाटलं. तिचं ऐकल्यावर वाटेनासं झालं.

पण तिची खरी गुरू म्हणजे आई. तिसऱ्या मजल्यावरून मुलींना हाक मारायच्या तेव्हा हाकेचं शेपूट इतकं लांबायचं, मध्येच असं चिरकायचं, की दुसऱ्यांची पोरंसुद्धा खेळ टाकून घरी पळायची. हिच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी तीच हाक आहे.

एकदा रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. म्हणाला, "आवाज आहे, पण जरा धुऊन घ्यावा लागेल."

"दिवसभर तेच करते," ही म्हणाली, आणि त्याला दार दाखवलं. तेव्हापासून सगळं स्वतःच. एकाच खोलीचं घर. दोरीवर जाड ब्लँकेटं टाकायची, म्हणजे आवाज घुमत नाही. अलीकडं माईक आणि मदतीला मी, पलीकडं आईंची खाट. आई पडल्या पडल्या गुणगुणायच्या आणि रेकॉर्डिंग वाया जायचं. मग ही खेकसायची, "आई, गप्प पड ना जरा!"

त्या दिवशी ही तिसऱ्यांदा गात होती आणि गाणं कधी नव्हे इतकं लागलं होतं. तिसऱ्या कडव्यात ब्लँकेटामागून आवाज आला. खोल, जड, तीनदा. सुरात नव्हता, पण नेमका जागेवर पडला. मी हिच्याकडं पाहिलं. हिनं हातानं खूण केली, असू दे. मी ब्लँकेट जरा सारून आईंना ओठांवर बोट ठेवून दटावलं. अंधारात त्यांचे डोळेच दिसले. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

गाणं संपवून ब्लँकेट काढलं. आईंचं तोंड वाकडं झालेलं, एक हात खाटेखाली लोंबत होता.

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला? "चार मिनिटं," ही म्हणाली. तिसऱ्या कडव्यापासून शेवटापर्यंतची लांबी तिला पाठ होती. चार मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ताईनं ते ऐकूनच घेतलं नाही. आई पाच महिने जगल्या, एक शब्द न बोलता.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी हिनं ते गाणं बाहेर काढलं, त्या आवाजासकट. "असं पुन्हा जमणार नाही," एवढंच म्हणाली. त्याच गाण्यानं ती वर आली. कार्यक्रमात लोक तो आवाज एकसुरात काढतात, टाळ्या वाजवत.

ताईनं ते वाण्याच्या दुकानात ऐकलं आणि आईला ओळखलं. आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. "आईनं हाक मारली आणि तू ताल धरलास," म्हणाली, आणि गेली. हिनं तो आवाज कापून गाणं पुन्हा काढलं. लोकांनी लिहिलं, गाण्यातला जीवच गेला. आठव्या दिवशी हिनं तो परत घातला.

आता सभागृह दिसायला लागलं होतं. दाराशी गर्दी होती आणि दोनचार पोरी आत्तापासूनच तो आवाज काढून खिदळत होत्या.

ती पायरीवर बसली. मी बूट पुढं केले.

"मग तिसऱ्या कडव्यात काय करणार?" मी विचारलं. "नुसतंच जाऊ देणार?"

"लोक त्याच्यासाठीच येतात."

"आणि ताई?"

"तीही हवी आहे मला. माझं दुसरं आहे कोण?"

"दोन्ही कसं होईल? देवाला तरी..."

"देवाला मध्ये घेऊ नकोस." तिनं बुटाची नाडी आवळली आणि माझ्याकडं न बघताच बोलली. "ताई म्हणाली, रेकॉर्डिंग वाजवायचं नाही. तेवढंच म्हणाली. तू होतीस तिथं. तो आवाज माझ्याइतकाच तुलाही पाठ आहे. तिसऱ्या कडव्याला तू पडद्यामागून काढ ना. तीनदाच."