जुनी आवृत्ती काढणारा शहाणा

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार नाशिकला औषधं घ्यायला आले की माझ्याकडे डोकावतात. हेल्मेट काढत नाहीत. काच वर करून बोलतात, चहाही तसाच पितात. फवारणी कधी करायची हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः पायथन या संगणकभाषेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलाय.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांना नेटवरून उतरवून घेता यावीत म्हणून पायथनच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची पॅकेजं मी हौसेनं तयार करतो, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. मागच्या महिन्यात ‘ही आता कोणीच वापरत नाही’ असं ठणकावून लिहून मी त्यातली सगळ्यात जुनी आवृत्ती काढून टाकली.

चार दिवसांनी हेल्मेट दारात.

“अपडेट मारलं अन् प्रोग्रॅम बंद पडला, साहेब. नव्या बागेला माल लागेपर्यंत आम्ही जुनी तोडत नाय. कुण्या शहाण्यानं काढलं हे?”

“असतात एकेक. बघतो मी काय करता येतं ते,” मी म्हणालो, आणि त्या शहाण्याला दोन शिव्याही घातल्या. ते गेल्यावर जुनी आवृत्ती गुपचूप परत ठेवली.

दोन दिवसांनी ते घरच्या बेदाण्यांची पिशवी घेऊन आले. पहिल्यांदाच हेल्मेट काढलं.

“तुमच्यासारखी माणसं हायेत म्हणून चाललंय, साहेब.”

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.